बोईंगची विमानं भारतीय इंजिनिअर्समुळे पडली का? आणि अमेरिकेतल्या नोकऱ्या नेमक्या कुठे गेल्या?

बोईंगच्या एखाद्या विमानाचं काही बिनसलं की सोशल मीडियावर एक जुना दावा पुन्हा वर येतो. 'तासाला ९ डॉलर घेणाऱ्या भारतीय इंजिनिअर्सनी सॉफ्टवेअर लिहिलं, म्हणून विमानं पडली.' त्याच्याच खाली दुसरा दावा असतो, 'व्हिसावर आलेल्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या.' तिकडचे लोक स्क्रीनशॉट टाकतात, आपल्याकडचे लोक चिडून उत्तरं देतात आणि दोन दिवसांत सगळे पुढच्या वादाकडे वळतात.

यातला ९ डॉलरचा आकडा हवेतून आलेला नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. आणि नोकऱ्यांचं म्हणाल, तर त्या खरंच गेल्या. फक्त त्या ज्या रस्त्याने गेल्या, तो रस्ता व्हिसाच्या खिडकीवरून फारसा जात नाही.

९ डॉलरचा आकडा आला कुठून?

जून २०१९ मध्ये ब्लूमबर्गने एक बातमी दिली. बोईंग आणि तिच्या पुरवठादारांनी सॉफ्टवेअरची काही कामं एचसीएलसारख्या भारतीय कंपन्यांकडे सोपवली होती. त्यात कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंही होती आणि काहींचा मोबदला तासाला अवघा ९ डॉलर होता, असं त्या बातमीत म्हटलं होतं.

त्या बातमीची वेळ महत्त्वाची होती. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात कोसळलं. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स पडलं. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ लोक गेले. जगभरातली मॅक्स विमानं जमिनीवर उभी होती आणि दोष कुणाचा, हे शोधणं चालू होतं. अशा वेळी '९ डॉलर' आणि 'भारतीय' हे दोन शब्द एकत्र आले. पुढे काय झालं असेल, ते सांगायला नको.

पण दोन्ही अपघातांच्या मुळाशी होती एमकॅस नावाची प्रणाली. मॅक्सला नवी, मोठ्या आकाराची इंजिनं बसवायची होती. ७३७ हे मूळ १९६० च्या दशकातलं, जमिनीपासून कमी उंचीचं डिझाइन. त्यामुळे इंजिनं पुढे आणि थोडी वर बसवावी लागली. त्यातून काही परिस्थितींत विमानाचं नाक गरजेपेक्षा जास्त वर जाऊ शकत होतं. ते आपोआप खाली आणायला एमकॅस होती. दोन्ही अपघातांत एका सेन्सरने चुकीचा कोन दाखवला आणि प्रणाली नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलत राहिली.

विमानावर असे सेन्सर दोन होते. एमकॅस मात्र एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकत होती. विमान तयार होत असताना तिची ताकद बरीच वाढवली गेली आणि पायलटांच्या मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेखच ठेवला नाही. हे निर्णय कोडच्या ओळीत झालेले नाहीत. प्रणालीने काय करायचं आणि कुणाचं ऐकायचं, हे ठरवण्याच्या पातळीवर ते झाले, आणि ते ठरवणारी बोईंग होती. एमकॅसच्या कामात एचसीएल किंवा सायंट या भारतीय कंपन्यांचा सहभाग नव्हता, असं बोईंगने स्वतःच सांगितलं. अमेरिकी संसदेच्या समितीने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालातही ठपका बोईंगवर आणि विमानांना मान्यता देणाऱ्या एफएए या सरकारी संस्थेच्या देखरेखीवर होता.

म्हणजे पहिला दावा इथेच निकालात निघतो. पण 'काम बाहेर गेलं' या तक्रारीचं काय? ती खोटी नाही.

विमान बनतं कुठे, हा प्रश्नच थोडा अवघड आहे

७३७ ची जुळणी सिएटलजवळच्या रेंटनमध्ये होते, हे बरोबर. पण तिचा सांगाडा, म्हणजे आपण ज्या नळकांड्यात बसतो तो भाग, कान्सास राज्यातल्या विचिटामध्ये बनतो आणि मालगाडीवर लादून निम्मी अमेरिका ओलांडून येतो. २०१४ च्या जुलैत मोंटानामध्ये ही गाडी घसरली आणि तीन सांगाडे थेट नदीकाठी जाऊन पडले. हिरव्या रंगाची, बिनपंखांची विमानं पाण्यात पडलेली, असे ते फोटो आजही इंटरनेटवर फिरतात.

विचिटाचा तो कारखाना आधी बोईंगचाच होता. २००५ मध्ये कंपनीने तो विकला आणि त्याची स्पिरिट एअरोसिस्टिम्स झाली. तेच गाव, तेच शेड, बरेचसे तेच कामगार. फक्त आता ते 'पुरवठादाराचे' कामगार होते.

बोईंगमध्ये त्या काळात हाच विचार जोरात होता. कारखाने, यंत्रं, माणसं आपल्या ताळेबंदावर ठेवायची कशाला? दुसऱ्यांना करू द्या, आपण जोडू. १९९७ मध्ये मॅकडॉनेल डग्लस कंपनी बोईंगमध्ये विलीन झाली, त्यानंतर हा सूर वाढला, असं बोईंगचे अनेक जुने इंजिनिअर सांगतात. त्याला कंपनीच्या आतून विरोधही झाला होता. जॉन हार्ट-स्मिथ या इंजिनिअरने २००१ मध्ये बोईंगच्याच एका तांत्रिक परिषदेत पेपर मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं. काम बाहेर दिलं की त्यातला नफाही बाहेर जातो आणि सगळे भाग एकमेकांत न बसण्याची डोकेदुखी मात्र आपल्याकडे राहते. तो स्वतः डग्लसच्या काळापासूनचा माणूस होता आणि तिथे हे होताना त्याने पाहिलं होतं.

कंपनीने त्याचं ऐकलं नाही. दोन-तीन वर्षांत ७८७ ड्रीमलायनरचा प्रकल्प सुरू झाला.

ड्रीमलायनर: जगभर वाटलेलं विमान

७८७ चे पंख जपानच्या मित्सुबिशीने बनवायचे. पंख हा विमानातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग मानला जातो आणि बोईंगने तो याआधी कधी बाहेर दिलेला नव्हता. सांगाड्याचे भाग जपानच्या कावासाकी आणि फुजी (आताची सुबारू), इटलीची अलेनिया आणि अमेरिकेतली व्हॉट यांच्याकडे. नाकाचा भाग स्पिरिटकडे. एकट्या जपानकडे विमानाच्या रचनेचं सुमारे ३५ टक्के काम होतं. हे अजस्र तुकडे वाहून न्यायला बोईंगने चार जुनी ७४७ विमानं फुगवून घेतली. त्यांचं नाव ड्रीमलिफ्टर. दिसायला ती अगदी गिळून सुस्तावलेल्या अजगरासारखी.

यात नवं काय होतं? पुरवठादार पूर्वीही होतेच. पण पूर्वी बोईंग नकाशे द्यायची आणि ते भाग बनवायचे. ७८७ मध्ये मोठ्या भागीदारांनी स्वतःच डिझाइन करायचं, स्वतःचे पैसे गुंतवायचे, स्वतःच्या खालचे पुरवठादार सांभाळायचे आणि तयार, आतून वायरिंग केलेले तुकडे पाठवायचे, असं ठरलं. शेवटची जुळणी तीन दिवसांत होईल, असं स्वप्न होतं.

८ जुलै २००७ ला विमान जगासमोर आणलं. अमेरिकी पद्धतीने तारीख लिहिली तर ७-८-०७, म्हणून तो मुहूर्त. बाहेरून विमान झकास दिसत होतं. आत ते जवळपास पोकळ होतं आणि कित्येक ठिकाणी तात्पुरते बोल्ट मारलेले होते. भागीदारांकडून आलेले तुकडे अर्धवट होते, जोडणीत फटी राहत होत्या, विमानाला लागणाऱ्या खास फास्टनरचा तुटवडा होता. पहिलं उड्डाण व्हायला १५ डिसेंबर २००९ उजाडला. पहिलं विमान जपानच्या एएनएला मिळालं ते सप्टेंबर २०११ मध्ये, तीन वर्षांहून जास्त उशिराने.

दरम्यान जे काम 'बाहेर' होतं ते निस्तरायला बोईंगचेच कामगार आणि इंजिनिअर जुंपले गेले. भागीदारांच्या कारखान्यांत माणसं पाठवली गेली. २००९ मध्ये व्हॉटचा साउथ कॅरोलिनातला कारखाना ५८ कोटी डॉलर मोजून विकतच घ्यावा लागला. पुढे कंपनीच्या विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनीही मान्य केलं की हे वाटप जरा जास्तच झालं होतं.

मग कंपन्या काम बाहेर देतात तरी कशाला?

स्वस्त मजुरी हे उत्तर लगेच सुचतं. पण जपान आणि इटली काही स्वस्त देश नाहीत. इथे दोन कारणं जास्त वजनदार आहेत.

एक म्हणजे पैसा. नवं विमान बनवायला हजारो कोटी डॉलर लागतात आणि परतावा मिळायला दशक-दीड दशक जातं. भागीदाराने त्यातला वाटा उचलला तर आपली जोखीम कमी.

दुसरं कारण विक्रीचं. विमान कंपन्या बऱ्याचदा सरकारी असतात, किंवा निदान सरकारचा शब्द तिथे चालतो. 'आम्ही तुमची विमानं घेतो, तुम्ही आमच्या लोकांना काय देणार?' हा प्रश्न प्रत्येक मोठ्या खरेदीत असतो. ७८७ ची पहिली ऑर्डर जपानच्या एएनएची होती, हा योगायोग समजू नका. एअरबसने २००८ मध्ये चीनच्या तियानजिनमध्ये ए३२० ची जुळणी सुरू केली, कारण चीन हे मोठं गिऱ्हाईक. आणि हाच न्याय उलटाही लागतो. याच एअरबसने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात, मोबील शहरात कारखाना काढला. युरोपच्या कंपनीने अमेरिकी कामगारांना दिलेल्या या नोकऱ्यांवर कुणी 'पळवल्या' अशी पोस्ट टाकत नाही.

फेब्रुवारी २०२३ चं उदाहरण तर आपलंच आहे. टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानं घ्यायचं जाहीर केलं. त्यातली २२० बोईंगची होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी सांगितलं की या खरेदीमुळे अमेरिकेच्या ४४ राज्यांत मिळून १० लाखांहून जास्त नोकऱ्यांना आधार मिळेल. राजकारणी लोकांचे असे आकडे थोडे सैल हातानेच घ्यायचे असतात. तरीही भारतीय प्रवाशाच्या तिकिटातून अमेरिकेतला पगार निघतो, ही बाजू वादात कधी येत नाही.

नोकरी नेणारा परदेशीच असतो असं नाही

सिएटल भागातल्या कामगारांना सर्वांत मोठा दणका बसला तो देशातल्या देशात.

२००८ मध्ये बोईंगच्या सुमारे २७ हजार मशिनिस्टनी ५७ दिवसांचा संप केला. काम बाहेर देण्याचा मुद्दा त्यात कळीचा होता. पुढच्याच वर्षी कंपनीने ७८७ ची दुसरी जुळणी साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला नेल्याचं जाहीर केलं. तिथे कामगार संघटनांचं बळ अगदी कमी. २०२१ पर्यंत ७८७ ची पूर्ण जुळणीच तिकडे गेली.

मधल्या काळात ७७७एक्स या नव्या विमानाचा प्रश्न आला. 'सवलती द्या, नाहीतर हेही दुसरीकडे नेतो,' असा एकूण पवित्रा होता. वॉशिंग्टन राज्याने २०१३ मध्ये ८७० कोटी डॉलरच्या करसवलती मंजूर केल्या. कामगारांनी जानेवारी २०१४ मध्ये ५१ टक्के मतांनी, म्हणजे काठावर, करार मान्य केला आणि आपली पारंपरिक पेन्शन गमावली.

या सगळ्यात कुठेही व्हिसा नाही, कुणी स्थलांतरित नाही. एका राज्याला दुसऱ्या राज्याविरुद्ध उभं करून झालेला हा सौदा आहे. आपल्याकडे एखादा प्रकल्प महाराष्ट्रातून गुजरातला गेला की जो गदारोळ होतो, त्यावरून त्याची कल्पना यावी.

आणि व्हिसा? तिथे सर्वांत आधी रशियन होते

बोईंगने १९९८ मध्ये मॉस्कोत डिझाइन सेंटर उघडलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले उत्तम विमान इंजिनिअर रिकामे बसले होते आणि कमी पैशांत मिळत होते. पुढे तिथे हजारावर इंजिनिअर बोईंगसाठी काम करू लागले. त्यातले काही जण आलटून पालटून सिएटलला यायचे. हे लोक बिझनेस व्हिसावर येऊन प्रत्यक्षात काम करतात, अशी तक्रार स्पीया या बोईंगच्या इंजिनिअर्सच्या संघटनेने लावून धरली. ऑक्टोबर २०११ मध्ये सिएटलच्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी १८ रशियन इंजिनिअर्सना आत न घेता परत पाठवलं.

तिथल्या इंजिनिअर्सचा राग समजण्यासारखा होता. आज ज्याला काम शिकवायचं, तोच उद्या कमी दरात ते काम करणार, हे दिसत असताना हसतमुखाने कोण शिकवेल? पण विमानतळावर माणूस अडवला म्हणून ईमेलवर येणारी ड्रॉइंग अडत नाहीत. मॉस्कोतलं काम चालूच राहिलं. ते थांबलं मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर.

भारतीयांची गोष्ट याहून वेगळी आहे. अमेरिकेत एरोस्पेस शिकायला गेलेल्या कुणालाही विचारा, पहिली ठेच व्हिसाच्या आधीच लागते. संरक्षणाशी संबंधित तंत्रज्ञानावर तिथे कडक नियम आहेत. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित किंवा आश्रय मिळालेली व्यक्ती नसाल तर बऱ्याच पदांचे दरवाजे बंद. नागरी विमानांच्या कामातही काही तंत्रज्ञान परदेशी माणसाला नुसतं दाखवणं हीदेखील 'निर्यात' धरली जाते, त्यासाठी परवाना लागू शकतो. कंपन्या मग ती झंझट नको म्हणून नागरिकच घेतात. त्यात एच-१बी ची वार्षिक मर्यादा ६५ हजार अधिक २० हजार. ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं.

एच-१बी जास्त वापरणाऱ्यांच्या यादीत वरती दिसतात त्या ॲमेझॉन, टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या. विमान बनवणाऱ्या नाहीत.

माणूस तिकडे जाऊ शकत नाही, पण काम इकडे येऊ शकतं. जानेवारी २०२४ मध्ये बंगळुरूजवळ देवनहळ्ळीला बोईंगच्या ४३ एकरांच्या इंजिनिअरिंग सेंटरचं उद्घाटन पंतप्रधान मोदींच्या हस्ते झालं. गुंतवणूक १६०० कोटी रुपये, अमेरिकेबाहेरची बोईंगची सर्वांत मोठी.

यात महाराष्ट्र कुठे आहे?

ड्रीमलायनरमध्ये पायाखाली जी जमीन असते, तिला आधार देणारे कंपोझिट बीम नागपूरच्या मिहानमध्ये बनलेले असू शकतात. टाटांच्या कारखान्यातून ते बोईंगला जातात. मिहानमध्येच विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे. ते बोईंगने बांधून दिलं, कारण एअर इंडियाने २००५-०६ मध्ये ६८ विमानं घेतली तेव्हा तशी अटच होती. म्हणजे वर सांगितलेला 'आमच्या लोकांना काय देणार' हा प्रश्न नागपूरनेही विचारून घेतलाय. पुण्याची भारत फोर्ज ७३७ साठी टायटॅनियमचे भाग घडवते. चाकणमध्ये जीईचा कारखाना विमान इंजिनांचे भाग बनवतो. आणि कोल्हापूरहून बेळगावला जाताना जो हत्तरगीचा टोलनाका लागतो, त्या हत्तरगीला एक्वस कंपनीचं अख्खं एरोस्पेस एसईझेड आहे. एअरबसला लागणारे सुटे भाग तिथून जातात.

बोईंग भारतातून वर्षाला १०० कोटी डॉलरहून जास्त माल आणि सेवा घेते. आकडा मोठा वाटतो, पण मित्सुबिशी पंख बनवते आणि आपण बीम, दरवाजे, ब्रॅकेट. डिझाइनची मालकी आपल्याकडे नाही. त्यामुळे दर ठरवायची ताकदही नाही. उद्या व्हिएतनाम किंवा मेक्सिकोने कमी भाव दिला तर काय, ही भीती आता बेळगावच्या कारखानदारालाही असते. सिएटलच्या कामगाराला ती वीस वर्षांपूर्वी होती.

आता काय चाललंय?

५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाचा दाराच्या जागी बसवलेला एक पॅनेल हवेतच निघून गेला. तपासात कळलं की रेंटनमध्ये दुरुस्तीसाठी तो उघडला होता आणि पुन्हा बसवताना चार बोल्ट लावलेच नव्हते. दुरुस्ती कशाची होती? विचिटाहून आलेल्या सांगाड्यातल्या सदोष रिव्हेटची. पुरवठादाराची चूक, ती निस्तरताना झालेली आपली चूक. हार्ट-स्मिथने २००१ मध्ये सांगितलेली डोकेदुखी ती हीच.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात ३३ हजार मशिनिस्ट संपावर गेले. २०१४ मध्ये गेलेल्या पेन्शनचा राग दहा वर्षं साचला होता. ५३ दिवसांनी चार वर्षांत ३८ टक्के पगारवाढ मिळाली. पेन्शन काही परत आली नाही. संप चालू असतानाच बोईंगने जगभरातले १० टक्के, म्हणजे सुमारे १७ हजार कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं.

ती कपात बंगळुरूपर्यंतही आली. तिथल्या इंजिनिअरिंग सेंटरमधल्या सुमारे १८० जणांच्या नोकऱ्या गेल्याची बातमी मार्च २०२५ मध्ये आली. बोईंगचे तेव्हा भारतात साधारण सात हजार कर्मचारी होते.

आणि विचिटाचा तो कारखाना? २००५ मध्ये ताळेबंदावर नको म्हणून विकलेली स्पिरिट बोईंगने परत घ्यायचं ठरवलं. शेअरच्या रूपात ४७० कोटी डॉलरचा हा सौदा डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. वीस वर्षांनी ते कामगार पुन्हा बोईंगचे झाले.